शेजारचं झाड आणि आपलं घर: दरवर्षी होणारं तेच नुकसान कसं थांबवायचं

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटली की आमच्याकडे दुपारी चारनंतर सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे असतं. दिवसभर पारा पंचेचाळीसच्या आसपास, झाडाचं पान हलत नाही, आणि मग एकाएकी धुळीचा लोट उठतो. वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटतं. दहा-पंधरा मिनिटांचाच प्रकार, पण तेवढ्यात रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात आणि गावात कोणाचे पत्रे जातात, कोणाची पाण्याची टाकी, कोणाची कंपाउंडची भिंत.

आमच्या घरावर तीन वर्षं ओळीने शेजारच्या आबांच्या निंबाची फांदी पडली. पहिल्या वर्षी मागच्या पडवीचे दोन सिमेंटचे पत्रे फुटले. दुसऱ्या वर्षी गच्चीवरच्या टाकीचा पाइप तुटून रात्रभर पाणी वाहून गेलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा पत्रे. दर वेळी आबा स्वतः येऊन फांदी ओढायला हात लावायचे, काकू चहा पाठवायच्या, आम्ही मिस्त्री बोलावून पत्रे बदलून घ्यायचो. तिसऱ्या वर्षी मात्र पत्र्याचा वीतभर तुकडा सासूबाईंच्या खाटेवर, उशीच्या अगदी बाजूला येऊन पडला. दुपारी त्या तिथेच पडतात. त्या दिवशी लेकीकडे गेल्या होत्या म्हणून निभावलं. तो तुकडा उचलताना माझे हात थरथरत होते.

चौथ्या वर्षी फांदी पडली नाही, पाचव्या वर्षीही नाही. झाड अजून उभं आहे आणि आबांशी बोलणंचालणंही पूर्वीसारखंच आहे. मधल्या काळात जे शिकलो ते सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या आळीतच अशी चार घरं आहेत जिथे दर जूनमध्ये तेच भांडण नव्याने सुरू होतं.

आधी हे ठरवा: नुकसान झाडाचा कोणता भाग करतोय?

तक्रार करताना आपण “झाडाचा त्रास आहे” असं मोघम सांगतो. शेजाऱ्याला त्यातून एकच ऐकू येतं, की हे झाड तोडायला सांगताहेत. मग तो हट्टाला पेटतो. आबांनीही मला पहिल्यांदा तेच उत्तर दिलं होतं, “हाई निंब मना बापनी लायेल शे.” त्यापुढे बोलणंच खुंटलं. त्यांच्या तिन्ही लेकी आखाजीला माहेरी येतात तेव्हा झोका याच निंबाला बांधतात, हे मला माहीत असूनही मी ते लक्षात घेतलं नव्हतं.

फांदी पडत असेल तर छाटणी लागते. मुळं शिरत असतील तर चर खणावा लागतो किंवा पाइप बदलावा लागतो. पाला साचत असेल तर जाळी आणि झाडू पुरतो. अख्खं झाडच कलंडत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. चारांपैकी नेमकं काय आहे ते आधी स्वतः पाहा, मगच शेजारी जा.

दरवर्षी फांदी पडते, छाटली तरी पडते

आमचं दुखणं हेच होतं. पहिल्या वर्षानंतर आबांनी झाड छाटून घेतलं होतं. गावात छाटणारे येतात ते शेंडा मारतात, म्हणजे जाड फांद्या मधूनच सरळ कापून झाडाचा ठोंब करतात. बघणाऱ्याला बरं वाटतं, झाड लहान झालं. पण त्या ठोंबाच्या तोंडाशी वर्षभरात दहा-बारा फुटवे येतात. हे फुटवे मूळ फांदीसारखे आतल्या लाकडातून आलेले नसतात, सालीखालून फुटलेले असतात, वरवर चिकटल्यासारखे. ते भराभर वाढतात, मनगटाएवढे जाड होतात, आणि खाली कापलेलं तोंड कुजत जातं. दोन-तीन वर्षांनी जड झालेला फुटवा पहिल्या जोराच्या वाऱ्यात बुडापासून निसटतो. आमच्या पत्र्यावर पडलेल्या फांद्यांची तुटलेली टोकं पाहिली तेव्हा ते ध्यानात आलं. लाकूड चिरफाळलेलं नव्हतं, खोबणीतून दात निघावा तसं साफ निघून आलं होतं.

म्हणून छाटणाऱ्याला आधी सांगा, शेंडा मारायचा नाही. आपल्या छपरावर आलेली फांदी जिथून फुटली आहे तिथपर्यंत मागे जायचं आणि मुळाशी कापायची. तीही एका घावात कापायची नाही. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालच्या बाजूने एक-तृतीयांश जाडीपर्यंत काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप. वजन सुटून फांदी खाली येते आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट शेवटी खोडाजवळच्या फुगीर गाठीच्या बाहेरून कापायचा. ती गाठ राखली तर झाड जखम स्वतः मिटवतं. गाठीसकट खोडाला घासून कापलं तर तिथे कूज शिरते आणि चार वर्षांनी नवा धोका उभा राहतो. पत्र्यावर आलेली फांदी दोराने बांधून हळूहळू उतरवायची. आमच्याकडे दोन माणसं लागली आणि अर्धा दिवस गेला.

एका वर्षात झाडाचा पाव हिस्सा हिरवेपणा गेला तरी पुष्कळ झालं. त्याहून जास्त उतरवला की घाबरल्यासारखे फुटवे पुन्हा येतात.

छाटणी हिवाळ्यात करावी, मार्गशीर्ष-पौषात. चैत्रात निंबाला नवी पालवी येते, तोवर जखमा सुकायला लागलेल्या असतात. आपण सगळे वावधन येऊन गेल्यावर जागे होतो आणि मग ऐन पावसाळ्यात ओल्या लाकडावर कुऱ्हाड चालवतो, तीही घाईत, निसरड्या फांद्यांवर माणूस चढवून. हे टाळा. गुलमोहर आणि शेवगा यांचं लाकूड मुळातच ठिसूळ, त्यांच्या बाबतीत तर हिवाळा सोडूच नये.

आपल्या हद्दीत आलेली फांदी आपण कापावी का?

ज्याच्या जमिनीत खोड, त्याचं झाड. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही जमिनीवरच्या झाडांचा हक्क जमीनधारकाचाच मानला आहे. फांदी आपल्या अंगणावर आली म्हणून ती आपली होत नाही, तिची फळं आणि लाकूडही नाही. पण आपल्या जागेत घुसून त्रास देणारी फांदी हद्दीच्या रेषेपर्यंत छाटण्याचा हक्क कायदा मानतो. त्यासाठी शेजाऱ्याच्या आवारात पाय ठेवता येत नाही, हद्दीपलीकडे एक इंचही कापता येत नाही, आणि कापलेलं लाकूड त्याला द्यायचं असतं.

नगरपालिका-महानगरपालिकेच्या हद्दीत मात्र आणखी एक पायरी आहे. तिथे १९७५ चा नागरी क्षेत्रांतल्या झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा अधिनियम लागू होतो. त्यात झाड तोडणं या शब्दाची व्याख्याच फार रुंद आहे. कापणं, जाळणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यात येतं. म्हणून जाड फांदी उतरवायची तर वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी घ्यावी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं आणि त्याची तपासणी जास्त काटेकोर होते. आबांचा निंब त्यातलाच. अर्ज शेजाऱ्याच्या नावाने गेला तर सगळ्यात उत्तम, आणि खाली आपलीही सही असावी. आमचा अर्ज तसाच गेला. पाहणीला माणूस आला तेव्हा दोन्ही घरांचे लोक हजर होते, कोणती फांदी ते आम्ही मिळून दाखवलं.

खेड्यात, नगरपालिकेबाहेर, १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम पाहावा लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन, अंजन अशी झाडं आहेत. ही झाडं मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणजे शेजारी “तोडून टाकतो” म्हणाला तरी चिंचेच्या किंवा अंजनाच्या बाबतीत ते एकट्याच्या हातात नाही, हे दोघांनीही लक्षात ठेवावं.

भिंतीला भेगा पडतात आणि बुजवल्या तरी पुन्हा उघडतात

तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीवर ज्यांची घरं आहेत त्यांनी हे नीट वाचावं. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकतील एवढ्या भेगा पडतात त्या आपण पाहतोच. तेच घराच्या पायाखाली होतं. त्यात भिंतीजवळ मोठं झाड असेल तर ते एका बाजूची माती जास्त शोषून कोरडी करतं. घराची ती बाजू किंचित खचते, दुसरी बाजू जागेवर राहते, आणि भिंत तिरकी चिरते. मूळ भिंतीला धक्का देतं म्हणून भेग पडली असं आपण समजतो. मुळाच्या धक्क्याने कंपाउंडची हलकी भिंत, फरशी, ओटा उचलला जातो हे खरं. पण राहत्या घराच्या पायाचं दुखणं बहुतेक वेळा मातीतल्या ओलीचं असतं.

ओळखायचं कसं? भेग खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून तिरकी वर जाते का ते पाहा. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने आडवी रेघ मारा, बाजूला तारीख आणि भेगेची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. शाळेची पट्टी पुरते. किंवा काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून ठेवा. भिंत हलली की काच तडकते. मे महिन्यात भेग रुंद आणि गणपतीपर्यंत ती मिटत आली, तर माती आणि झाडाचा खेळ आहे. ऋतू बदलूनही रुंदी वाढतच राहिली तर झाडावर ढकलू नका, बांधकामाचा अभियंता बोलवा. वर्षभराच्या या नोंदी पुढे शेजाऱ्याला दाखवायला, गरज पडली तर न्यायालयातही, नुसत्या बोलण्यापेक्षा किती तरी उपयोगी पडतात.

असं झाड एकदम तोडून टाकणंही धोक्याचं आहे. इतकी वर्षं ते जे पाणी ओढत होतं ते आता मातीत राहतं, माती फुगते आणि घर उलट्या दिशेने उचललं जाऊन नव्या भेगा पडतात. त्यापेक्षा घेर टप्प्याटप्प्याने कमी करावा, घराच्या कडेने पाणी मुरू नये म्हणून उताराची कोबा-पट्टी करावी, छपराचं पाणी पाइपने लांब सोडावं.

मुळांना अडवायचं असेल तर हद्दीवर, आपल्या बाजूने, तीन-चार फूट खोल चर खणून त्यात जाड प्लास्टिकचा पत्रा किंवा काँक्रीटची पातळ भिंत उभी करतात. बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, म्हणून हे चालतं. पण चर खोडाच्या फार जवळ नको. खोडाची जाडी दोन फूट असेल तर सहा फुटांच्या आत एकही जाड मूळ तोडू नये, दहा फूट लांब राहिलं तर आणखी चांगलं. आपल्या बाजूची मुळं तोडली की झाडाचा त्या बाजूचा आधार जातो. वाऱ्यात ते कुठे कलंडेल हे कोणाला सांगता येत नाही.

गटार किंवा संडासाचा पाइप सारखा तुंबतो

सळई फिरवली, महिनाभर बरं, पुन्हा तुंबलं. मूळ शाबूत पाइपला भोक पाडत नाही. जिथे सांधा आधीच गळतोय तिथल्या ओलीच्या मागावर केसाएवढं मूळ आत जातं आणि आत गेल्यावर त्याची शेपटी होते. आमच्या मावससासूबाईंकडे खणलं तेव्हा जुन्या चिनीमातीच्या पाइपातून तीन फूट लांब, गाईच्या शेपटीसारखा मुळांचा झुबका निघाला. नुसतं मूळ कापलं तर ते परत येणारच, कारण गळता सांधा तसाच आहे. तेवढा तुकडा काढून चार इंची पीव्हीसी पाइप सलग टाकावा, सांधे सॉल्व्हंटने पक्के करावेत, झाडाजवळच्या भागाला भोवती काँक्रीट भरावं, आणि चेंबरला आतून गुळगुळीत प्लास्टर करावं. हे दुरुस्तीचं काम आपलंच आहे. शेजाऱ्याकडे जाताना हेही मान्य करून जावं, म्हणजे समोरचाही मोकळेपणाने बोलतो.

भिंतीच्या सांध्यात उगवणारं पिंपळाचं, वडाचं, उंबराचं रोप हा वेगळा प्रकार. ते पाखरांच्या विष्ठेतून येतं, शेजाऱ्याचा त्यात दोष नाही. वरून खुडलं की दुप्पट जोमाने येतं. बोटाएवढं असतानाच, पावसाळ्यात भिंत ओली असताना, दोन विटांमधली दरज उकरून मूळ शेवटपर्यंत काढावं आणि सिमेंट-वाळू ठासून भरावी. जुन्या मातीच्या, धाब्याच्या घरांना याची फार काळजी घ्यावी लागते. एक पिंपळ दोन पावसाळ्यांत धाब्याला गळती लावतो.

पाला, निंबोळ्या, पाखरं

यावर भांडण करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गच्चीवर बिबड्या, कुरडया वाळत घातल्या की वर निंबाचा मोहोर गळतो, मलाही चीड येते. पण गळणाऱ्या पाल्याबद्दल कोणतंही कार्यालय काही करत नाही. गच्चीच्या पाणी जाण्याच्या तोंडाला जाळीची टोपी बसवा, पन्हाळ आखाजीला एकदा आणि मृगाच्या आधी एकदा साफ करा. स्लॅब गळतो तो पाल्याने तोंड बुजून पाणी तुंबल्यामुळे. बिबड्यांवर जुनी नऊवारी ताणून घाला.

झाडच पडेल अशी भीती आहे

हे तपासायला तज्ज्ञ लागतो, पण पहिली शंका आपल्यालाच यायला हवी. बुंध्यापाशी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या आहेत का? खोडातून बारीक भुसा गळतोय का? लाकडी मोगरीने ठोकल्यावर एखाद्या जागी ढोलासारखा पोकळ आवाज येतो का? दोन जाड फांद्या इंग्रजी व्हीसारख्या घट्ट चिकटून वाढल्या आहेत आणि मध्ये साल दबली आहे का? सगळ्यात गंभीर लक्षण म्हणजे झाड अलीकडे कलंडलेलं दिसणं आणि एका बाजूची जमीन उचलली जाऊन तिला अर्धगोल भेग पडणं. जन्मापासून तिरकं असलेलं झाड सहसा तग धरतं, पण नव्याने कलणाऱ्या झाडावर एक दिवसही विसंबू नये.

अशा वेळी शेजारी ऐकत नसेल तर वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार कराच. शिवाय एक वाट अशी आहे जी फार थोड्यांना माहीत असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली, एखादं झाड पडून शेजारपाजारच्या किंवा ये-जा करणाऱ्या माणसांना इजा होईल अशा अवस्थेत असेल तर ते काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. म्हणजे आपल्या ओळखीच्या शब्दांत, तहसीलदार किंवा प्रांत. १ जुलै २०२४ पूर्वी हेच जुन्या फौजदारी संहितेचं कलम १३३ होतं, बऱ्याच वकिलांच्या तोंडी अजून तोच आकडा आहे. अर्जात झाड कुठे आहे, तिथून कोण जातं, शाळेची मुलं जातात का, आधी काय पडलं, हे लिहा आणि फोटो जोडा. ही वाट माणसांच्या जिवाच्या धोक्यासाठी आहे. पत्र्यांची भरपाई तिथे मागू नये.

वादळाच्या आधीचा कागद

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हे. भरपाई मिळते की नाही हे वादळानंतर ठरत नाही, त्याआधी तुम्ही काय लिहून दिलं होतं यावर ठरतं. हिरवंगार, निरोगी झाड वादळात पडलं तर तो निसर्गाचा कोप, मालकाला दोष देणं अवघड. पण फांदी वाळलेली होती, झाड पोकळ होतं, मालकाला ते माहीत होतं आणि तरी त्याने काही केलं नाही, हे दाखवता आलं तर तो निष्काळजीपणा ठरतो. आणि त्याला माहीत होतं हे दाखवणारी वस्तू म्हणजे आपलं तारीख घातलेलं पत्र. तीन वर्षं आम्ही तोंडीच बोललो. त्यातलं काहीही दाखवता आलं नसतं.

पत्र भांडखोर नसावं. आम्ही दिलेलं पत्र साधारण असं होतं:

“सप्रेम नमस्कार. आपल्या आवारातील निंबाच्या पूर्वेकडील दोन फांद्या आमच्या छपरावर आल्या असून त्यांपैकी एक वाळलेली आहे. मागील तीन वर्षांच्या वादळांत याच झाडाच्या फांद्या पडून आमच्या पत्र्यांचे व पाइपचे नुकसान झाले आहे. तारखा व फोटो सोबत जोडले आहेत. माघ महिन्याच्या आत या दोन फांद्यांची छाटणी व्हावी ही विनंती. झाड तोडावे अशी आमची इच्छा नाही. परवानगीच्या अर्जावर आम्हीही सही करू आणि मजुरीचा निम्मा खर्च देऊ. कळावे, लोभ असावा.”

मी ते हातात घेऊन गेले, आबांना वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांची सही मागितली. ते जरा थबकले. मग मी त्यांना अंगणात नेऊन दोन्ही फांद्या बोटाने दाखवल्या. झोक्याची फांदी पश्चिमेला होती, त्यांच्याच बाजूला, तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी सही केली. शेजारी सही देत नसेल तर पत्र पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. पोचपावती जपून ठेवा, पत्र परत आलं तर ते पाकीटही न फोडता ठेवा.

तरीही जमलं नाही तर खेड्यात तंटामुक्ती समिती आहे. २००७ पासूनच्या या मोहिमेत असे बांधाचे, झाडाचे वाद बसून मिटलेले आपण पाहिले आहेत. त्यापुढे तालुक्याच्या विधी सेवा समितीत दाव्याआधीच लोकअदालतीसाठी अर्ज देता येतो, तिथे कोर्ट फी लागत नाही. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे वकीलही मोफत मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. दिवाणी दाव्याची वेळ आलीच तर नुकसान झाल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत तो लावावा लागतो, म्हणून “पुढच्या वर्षी बघू” करत बसू नका.

नुकसान झालंच, तर त्या दिवशी

फांदी विजेच्या तारेवर किंवा तार फांदीवर असेल तर लांब उभे राहा, मुलांना घरात घ्या, १९१२ वर फोन करा. ओल्या फांदीतून वीज येते. प्रवाह बंद झाल्याचं लाइनमनने तोंडाने सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

मग फांदी उचलण्याआधी फोटो. आधी लांबून, झाड आणि घर एका चौकटीत येईल असा, मग तुटलेल्या टोकाचा जवळून. टोक वाळकं, काळं, पोखरलेलं असेल तर तेच टोक कापून कोरड्या जागी ठेवून द्या. आमच्याकडे सगळे आधी अंगण साफ करतात आणि मग फोटो काढतात. त्या फोटोत नुसता फुटका पत्रा दिसतो, कशाने फुटला ते दिसत नाही.

वादळातली पडझड असेल तर तलाठ्याला त्याच दिवशी कळवून पंचनामा करून घ्या. हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये धरले आहेत. दोन पत्र्यांना त्यात काही मिळत नाही, पण पंचनाम्याचा कागद विम्यासाठी आणि दाव्यासाठी मोलाचा असतो. घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी वादळाबरोबरच झाड पडून झालेलं नुकसानही धरते. झाडाखाली उभ्या गाडीचं मात्र नुसत्या थर्ड पार्टी विम्यात काही मिळत नाही.

मिस्त्रीकडून साध्या कागदावर का होईना, सामान आणि मजुरी वेगळी लिहिलेलं बिल घ्या.

हे करू नका

रात्री जाऊन खोडाला भोक पाडून त्यात ॲसिड ओतणं, हिंग भरणं, बुंध्याशी पाचट जाळणं, हे प्रकार आपल्या भागात होतात. कायद्याने तो गुन्हा आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिवंत झाडापेक्षा उभं वाळलेलं झाड कितीतरी जास्त धोक्याचं. वाळलेल्या झाडाची मुळं कुजतात आणि ते कुठल्याही दिशेला, बिनवाऱ्याचंही पडतं. ज्याने वाळवलं त्याच्या पत्र्यावरही.

शेतातल्या बांधावरच्या झाडाबद्दल एवढंच सांगते, की सावलीने कपाशी बसते ही तक्रार खरी असते, पण खोड कोणाच्या हद्दीत हे माहीत नसताना कुऱ्हाड उचलू नये. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा, खुणा झाल्या की अर्धा वाद तिथेच मिटतो.

आमच्याकडे छाटणी पौषात झाली. मजुरी निम्मी-निम्मी दिली, लाकूड आबांच्या अंगणात रचलं, त्यातली जाड ओंडकी त्यांनी आम्हाला चुलीसाठी आणून दिली. जुन्या ठोंबांवर अजून फुटवे आहेत, त्यातले दोन-दोन राखून बाकीचे येत्या हिवाळ्यात काढायचे ठरलं आहे. माणूस आबांनीच सांगून ठेवला आहे, दोर आमचा.